पारड्याखालच्या कानशीच्या खुणा

साशंक : तुझ्या त्या जर्मन काट्याबद्दल तू भरभरून बोललीस, आता माझं ऐक. टपाल खात्यात माझी पस्तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी काउंटरवर. पत्र हातात आलं की बोटांनाच कळायचं, वीस ग्रॅमच्या आत आहे की बाहेर. तरी काट्यावर ठेवायचोच, कारण समोरच्याला पटायला हवं. कुणी म्हणालं, 'साहेब, आत दोनच कागद आहेत,' की काटा त्याच्याकडे वळवायचा. तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि गुपचूप जादा तिकीट लावायचा. आमच्या लेखी काटा म्हणजे भांडण मिटवायचं साधन. आता सांग, ज्याच्यावर पुन्हा कधी पत्र पडणार नाही, ज्याच्यासमोर कुणी हुज्जत घालणार नाही, असा काटा काचेच्या कपाटात ठेवलास तर त्यात काटेपण किती उरलं? दुसरं म्हणजे, पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, वज्री, दिवे, कुलपं जमवली, ती आपल्या वाड्यांतली, आपल्या बायाबापड्यांच्या हातातली. त्या संग्रहाला एक घर आहे. जयपुरात बसून जर्मनीतल्या कचेऱ्यांमधलं जुनं सामान गोळा करण्याला कुठलं घर आहे?

संग्राहक : काका, भांडण मिटवायचं साधन म्हणालात ना, मला नेमकं तेच वाचायचंय. भांडण कशावरून होतं? एका दरात किती वजन जाईल यावरून. ही मर्यादा कुणीतरी ठरवलेली असते, आणि काट्याच्या तबकडीवर ती छापलेली असते. आधी हा काटा चालतो कसा ते सांगते, कारण त्याच्या रचनेनेच मला पहिल्यांदा ओढलं. आपल्याकडच्या तराजूला दोन पारडी आणि सुटी वजनं. जर्मन पत्रकाट्याला सुटं वजन बहुतेक नसतंच. वाकड्या दांडीच्या टोकाला एक वजन कायमचं बसवलेलं असतं. पत्र ठेवलं की ते वजन बाजूला आणि वर सरकतं. जसजसं बाजूला जातं तसतसा त्याचा जोर वाढतो, आणि पत्राच्या जोराशी बरोबरी झाली की काटा थांबतो. वजनं हरवायची भीती नाही, बेरीज चुकायची भीती नाही. ही कल्पना रोजच्या वापरात आणणाऱ्यांमध्ये फिलिप मॅटेउस हान या धर्मोपदेशकाचं नाव येतं. १७६४ ते १७७० तो ओन्स्टमेटिंगेन नावाच्या डोंगराळ गावात उपदेशक होता. घड्याळं आणि गणनयंत्रंही करायचा. पुढे त्याच भागात तराजूंचा धंदा रुजला. जवळच्या बालिंगेनमध्ये १८६६ साली सुरू झालेला बिझेर्बाचा कारखाना आजही चालू आहे.

आता तबकडी. १८७५पासून जर्मन साम्राज्यात साधं पत्र पंधरा ग्रॅमपर्यंत दहा फेनिगात जायचं. त्यापुढे थेट अडीचशे ग्रॅमपर्यंत वीस फेनिग. १ एप्रिल १९०० रोजी ती पंधराची मर्यादा वीसवर आली. म्हणजे ज्या तबकडीवर पंधराची रेघ ठळक काढलीय, ती बहुधा त्याआधीची. वीसची ठळक असेल तर नंतरची. मग खालची अक्षरं पाहायची. डी. आर. पी. म्हणजे साम्राज्याचं पेटंट, ते १८७७ नंतर. डी. आर. जी. एम. म्हणजे नमुन्याची नोंदणी, तो कायदा १८९१चा. 'मेड इन जर्मनी' अशी इंग्रजी अक्षरं असतील तर त्यामागे ब्रिटनचा १८८७चा व्यापारचिन्ह कायदा. ब्रिटिश बाजारात परदेशी माल उतरवताना त्याचा देश लपवता येऊ नये म्हणून तो केला. अशा चार-पाच खुणा एकावर एक ठेवल्या की काट्याचं वय वीस-तीस वर्षांच्या पट्ट्यात सापडतं. माझ्या काट्यावर वीसची रेघ ठळक आहे, डी. आर. जी. एम. आहे, 'कोलंबस' हे नाव आहे आणि हँबुर्गच्या फिलिप याकोब मौल या कारखानदाराची आद्याक्षरं आहेत. मी तो इथेच, एका भंगारवाल्याकडून, पितळी बंबाच्या खालून ओढून काढला. काका, घर विचारलंत म्हणून सांगते. मला त्या तबकडीवर एका देशाने आपल्या माणसांना दिलेला शब्द दिसतो, की इतक्या वजनाचं बोलणं आम्ही इतक्या पैशांत कुठेही पोचवू.

साशंक : शब्द चांगला वापरलास, पण घाईने. ती डी. आर. जी. एम. मधली आर 'राइश'ची ना? कैसरचं राज्य राइश, त्यानंतरचं प्रजासत्ताकही कागदोपत्री राइशच, आणि हिटलरचं तर होतंच. नमुन्याच्या शिक्क्यावर तीच चार अक्षरं १८९१पासून १९४५पर्यंत. म्हणजे तुझी खूण तीन राजवटींवर एकसारखी बसते. तिच्यावरून ओळखलंस तरी काय? कुण्या आईने आघाडीवरच्या मुलाला लिहिलेलं पत्र त्या काट्यावर चढलं असेल, आणि कुण्या कुटुंबाला घर सोडायला सांगणारी नोटीसही. दोन्हींचं वजन वीसच्या आत. काट्याला फरक कळत नाही हे मला मान्य. पण संग्रह करणाऱ्याला कळायला हवा. तुम्हा मंडळींच्या टिपणात मात्र कारखानदार, साल, मुलामा, उंची. कुणाच्या हाताखाली होता, हा रकानाच नाही.

आणि पैशांचा शब्द म्हणशील तर त्याच देशात १९२३च्या नोव्हेंबरात साध्या पत्राचं टपाल अब्जावधी मार्कांत गेलं होतं. शब्द कुठे राहिला?

संग्राहक : पैशाचा शब्द मोडला, वजनाचा टिकला. त्या वर्षी तिकिटांवरचे आकडे रोज बदलत होते, काटे तेच होते आणि वीसची रेघ तिथेच होती. मला हे फार मोठं वाटतं. ज्या कचेरीत सकाळचा दर संध्याकाळी खोटा ठरत होता, तिथे टेबलावर खरी राहिलेली वस्तू ही एवढीच असेल. पण तुमचा रकान्याचा मुद्दा मी खोडत नाही. तो रकाना रिकामा असतो, आणि रिकामा असला की आम्ही तो गाळून टाकतो. ही चूक आहे. रकाना ठेवायला हवा आणि त्यात 'माहीत नाही' असं लिहायला हवं.

साशंक : मग दुसरा रिकामा रकाना दाखवतो, तो जयपूरचा. तुझा काटा ग्रॅमचा. १९१०-२० साली इथे ग्रॅममध्ये पत्र कोण तोलत होतं? माझे वडीलही टपालातच होते, ते तोळ्याच्या काळात भरती झाले. १ ऑक्टोबर १८५४ला देशभर एकच दर लागू झाला तेव्हा पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा होता. पाव तोळा म्हणजे तीन ग्रॅमलाही थोडा कमी. आजचा एक ए-फोर कागदच पाच ग्रॅमचा आहे. तेव्हा लोक विरविरीत कागदावर, कडेपर्यंत, कधी समासात उभं लिहायचे, ते उगाच नाही. १८६९ला अर्ध्या आण्यात अर्धा तोळा जाऊ लागला. आणि जयपूर संस्थानाचं तर स्वतःचं टपाल होतं. १९०४ सालापासून त्यांची स्वतःची तिकिटं निघाली, सूर्याच्या रथाची, संस्थानाच्या हद्दीत चालणारी. १९५०मध्ये ते सगळं भारतीय टपालात मिसळलं. या पूर्ण काळात तोळा, मासा, गुंज. दशमान वजनं इथे आली ती १९५६च्या कायद्याने, आणि अंमल १९५८पासून टप्प्याटप्प्याने. तेव्हा तुझा हँबुर्गचा काटा जयपूरच्या कुठल्याच पत्राच्या कामाचा नव्हता. मग तू त्याला 'जयपुरात सापडलेला' म्हणतेस ते कशाच्या जोरावर? उद्या माझी छत्री रेल्वेत राहिली आणि दिल्लीत सापडली, तर ती दिल्लीची होते का?

संग्राहक : याच प्रश्नाने मला दोन वर्षं झोपू दिलेलं नाही. माझ्यापुढे तीन वाटा आहेत, तिन्ही अर्ध्या. पहिली, परदेशी टपाल. १८७४ला बर्नमध्ये देशोदेशींचा टपाल संघ झाला, हाइनरिश फोन श्टेफान हा जर्मन टपालप्रमुख त्याच्या मुळाशी होता. १८७६ला भारत त्यात आला. संघाचं मोजमाप ग्रॅममध्ये होतं, आधी पंधरा, १९०७पासून वीस. जोहरी बाजारातला एखादा व्यापारी युरोपशी पत्रव्यवहार करत असेल, तर त्याच्या पेढीवर ग्रॅमचा काटा असू शकतो. जर्मनीतलं इडार-ओबरश्टाइन हे रत्नं घडवणाऱ्यांचं गाव आणि आपलं जयपूर, धंद्यात दोघांची ओळख आहे. पण आपल्या टपाल कचेरीत परदेशी पत्रंही औंसात तोलत, त्यामुळे ही वाट लंगडते. दुसरी वाट, १९५८ नंतरची. देश ग्रॅमवर आला, नवे काटे हवे होते, कुणीतरी मुंबईहून जुना जर्मन काटा स्वस्तात आणला. तिसरी वाट सगळ्यांत रुक्ष. पाच-सात वर्षांपूर्वी युरोपातल्या जुन्या सामानाच्या खोक्यातून, शोभेच्या वस्तूंच्या व्यापाऱ्यामार्फत तो आला असेल. तसं असेल तर तुमचं छत्रीचं म्हणणं बरोबर.

साशंक : चौथी वाट सोडलीस. तो इथेच घडवलेला असेल. या शहरात पितळ नवं असताना संध्याकाळपर्यंत शंभर वर्षांचं करून देणारे हात आहेत. चिंचेचं पाणी, आम्ल, धूर, थोडी माती. दुकानदार स्वतःच 'ॲन्टिक फिनिश' म्हणून विकतात, त्यात फसवणूकही नाही. फसतो तो हौशी.

संग्राहक : ती वाट मी पहिल्याच आठवड्यात तपासली. शिक्का खोटा मारता येतो, काळपटपणा आणता येतो. पण रेघा बघा. लोंबत्या वजनाच्या काट्यावर ग्रॅमच्या खुणा सारख्या अंतरावर पडत नाहीत, वजन वाढत जाईल तशा त्या दाटत जातात, कारण वजन वर चढताना पुढच्या प्रत्येक ग्रॅमला काटा आधीपेक्षा कमी सरकतो. स्प्रिंगच्या काट्यावर मात्र खुणा समान. शोभेची नक्कल करणारा पट्टी घेऊन सारख्या रेघा मारतो, कारण डोळ्याला त्या नीट दिसतात. माझ्या तबकडीवर पहिले दहा ग्रॅम माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा रुंद आहेत आणि शेवटचे दहा नखाएवढे. शिवाय त्यात दोन श्रेणी आहेत. मागचं बिजागरीचं वजन एका बाजूला टाकलं की पन्नास ग्रॅमपर्यंत, दुसऱ्या बाजूला टाकलं की अडीचशेपर्यंत. दोन्ही श्रेणींच्या खुणा आपापल्या हिशेबाने दाटतात. हे बनवायला जाणणारा माणूस लागतो.

साशंक : आणि जाणणारा माणूस जयपूरचा असला तर? समजा, इथल्या कारागिराने एक काटा घडवला, रेघा बरोबर काढल्या, वजन अचूक दाखवतो, आणि खाली हँबुर्गचं नाव कोरलं. दुसरीकडे अस्सल हँबुर्गचा, पण दांडी वाकलेली, दोन ग्रॅम चुकणारा. यातला काटा कुठला? मी काउंटरवर असतो तर पहिला उचलला असता, क्षणभर विचार न करता. तुम्ही दुसऱ्याला मखमल घालता. वस्तूने आपलं काम करणं, यापेक्षा तिने आपल्या जन्माचा दाखला जपणं मोठं, ही समज मला पचत नाही. माणसांच्या बाबतीत आपण ही समज सोडून द्यायला निघालोय, आणि वस्तूंच्या बाबतीत मात्र घट्ट धरायची?

संग्राहक : नाव कोरलं नसतं तर मीही त्या कारागिराचा काटा मानाने ठेवला असता, त्याच्याच नावाने. नाव कोरून त्याने स्वतःचं कसब दुसऱ्याच्या पदरात टाकलं, याचं मला वाईट वाटतं. पण तुमचा प्रश्न याहून मोठा आहे, आणि त्याचं उत्तर मला याच शहरात शोधावंसं वाटतं. जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र घ्या. सत्तावीस मीटर उंच, त्याची तिरकी भिंत सत्तावीस अंशांची, कारण जयपूरचा अक्षांश तेवढा आहे. ते उचलून पुण्याला नेलं तर खोटी वेळ सांगेल. त्याच्यावर घडवणाऱ्याचा शिक्का लागत नाही, त्याचा जन्मदाखला त्याच्या कोनातच आहे. आता पत्रकाटा. हँबुर्ग त्रेपन्न अंशांच्या वर, जयपूर सत्तावीसवर, आणि इथे गुरुत्वाकर्षण हजारात साधारण अडीच भागांनी कमी. स्प्रिंगचा जर्मन काटा इथे आणला तर अडीचशे ग्रॅमच्या पाकिटाला अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त कमी दाखवील. लोंबत्या वजनाचा काटा मात्र इथेही तेच सांगतो, कारण पत्राची ओढ जितकी कमी झाली तितकीच त्याच्या स्वतःच्या वजनाचीही झाली. त्याला फक्त समपातळी हवी. पायाशी एक स्क्रू असतो तो फिरवायचा. कुठेही जाऊन तिथला होऊ शकणारं यंत्र आहे ते.

साशंक : कुठेही चालतं, म्हणून कुठलंच नाही. सम्राट यंत्राची नि त्याची बरोबरी करू नकोस. ते बांधणाऱ्या सवाई जयसिंगाने युरोपातून वस्तू मागवल्या हे मलाही ठाऊक आहे. पण मागवून त्याने काय केलं? पोर्तुगालला माणसं पाठवली, ती पॅरिसच्या ला हीर या ज्योतिर्विदाची कोष्टकं घेऊन आली. त्याने ती पूजेला लावली नाहीत. आकाशाशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक काढली. त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट होता, आपला मराठी माणूस. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचं ज्योतिष त्याने संस्कृतात आणलं. गुरू रत्नाकर पुंडरीक, तोही आपल्याकडचा, ब्रह्मपुरीत त्याची हवेली अजून उभी आहे. आणि १७४० साली बव्हेरियातून दोन जर्मन धर्मगुरूही इथे आले, गाबेल्सपेर्गर आणि श्ट्रोबल. गाबेल्सपेर्गर वर्षभरात इथेच वारला. तेव्हा जर्मन माणूस आणि जर्मन माप हे या शहराला नवं नाही. पण शहराची रीत होती ताडून पाहायची. तू तुझा काटा ताडून पाहिलास? की नुसत्या रेघाच मोजल्यास?

संग्राहक : पाहिला. इथल्याच मापाने पाहिला, तोळ्याने. आजीच्या डब्यात राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया होता. तो एकशे ऐंशी ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्या काळी टपालात रुपया आणि त्याचे भाग हेच वजन म्हणून चालायचे, पावलीएवढं पत्र अर्ध्या आण्याला.

साशंक : हो, वडील सांगायचे. वजनाचा ठोकळा सापडला नाही तर खिशातली अधेली पारड्यात. झिजलेली नको, एवढंच.

संग्राहक : माझा रुपया फार झिजलेला नाही. सोनाराकडे तोलून घेतला, ११.६ भरला. पाणसळ ठेवून काटा समपातळीत आणला आणि रुपया ठेवला. काटा थांबला दहावर. तीनदा केलं, तीनदा दहाच. मग पारडं रिकामं करून वाकून पाहिलं तर काटा शून्यावर नव्हताच, शून्याच्याही खाली, दीडेक ग्रॅमच्या अंतरावर टेकला होता. मला वाटलं दांडी वाकली असेल. वाकलेली नाही. मग पारडं उचलून उलटं केलं.

साशंक : आणि?

संग्राहक : खालच्या बाजूला कानस फिरवलेली आहे. एका ठिकाणी, रुपयाएवढ्या गोलात, एकाच दिशेने ओढलेले ओरखडे. निकेलचा मुलामा खरवडला जाऊन आतलं पितळ उघडं पडलंय, आणि त्या ओरखड्यांच्या खोबणींत हिरवट गंज धरलाय. म्हणजे मुलाम्यानंतर केलेलं काम, आणि कालपरवाचं नाही. कुणीतरी पारड्यातून दीड ग्रॅम धातू काढून टाकला.

साशंक : पासंग! अगं, हा तर उलटा पासंग झाला. हे तू सगळ्यांत शेवटी सांगतेस? शिक्के, साल, हँबुर्ग, सगळं बाजूला ठेव. हा लबाडीचा काटा आहे. पारडं हलकं केलं की माल हलका भरतो. आता हिशेब कर, कमी वजन दाखवण्यात कुणाचा फायदा? पत्र पाठवणाऱ्याचा नाही. त्याने कमी तिकीट लावलं तर पत्र नॉटपेड जाणार आणि घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड. फायदा विकत घेणाऱ्याचा. कुणी चांदीचे मणी, केशर, मोड विकायला आणली की दीड ग्रॅम आपल्या खिशात. इतकी वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाला हे बघवत नाही. स्क्रू पिळून काटा शून्यावर आण, नाहीतर पारड्याला तेवढा डाग दे. माप खोटं असलेली वस्तू घरात ठेवू नये.

संग्राहक : मीही पहिल्या दिवशी असंच म्हणाले. पानाही हातात घेतला होता. मग जोहरी बाजारातली पुडी आठवली. इथे रत्नं कागदाच्या घडीत ठेवतात, पुडीसकट हातोहात फिरतात. रत्नं तोलायला हा काटा जाड पडतो हे खरं, त्यावर एका ग्रॅमची रेघच कशीबशी वाचता येते. पण पुडीत रत्नंच असतात असं नाही. औषधाची पूड असेल, रंगाची पूड असेल, मीनाकारीचा काचरंग असेल. रोज एकाच मापाच्या कागदात बांधून तोलायचं असेल, तर कागदाचं वजन वजा करण्याचा सोपा मार्ग कुठला? पारडंच तेवढं हलकं करायचं. मग काटा थेट आतल्या मालाचं वजन सांगतो. एक प्रामाणिक माणूस प्रामाणिक कामासाठी नेमकी हीच कानस फिरवील.

साशंक : आणि तिसरा माणूस हँबुर्गचा असेल. कारखान्यातून निघताना काटा जुळत नसेल तर शेवटचा हात म्हणून पारडं घासतात. तराजूवाले सगळीकडे तेच करतात. नंतर वर एखादा तुकडा बसवलेला असेल, पत्र टेकवायचा आधार किंवा कसलीशी तार. तो गळून पडला आणि काटा शून्याच्या खाली गेला. मीच माझा आरोप कमकुवत करतोय, पण खरं ते खरं.

संग्राहक : आधाराची जागा असती तर भोक किंवा डाग दिसला असता. दिसत नाही. पण चिकटवलेला असेल तर खूण पुसलीही जाते. म्हणून मी तुमचं म्हणणं रद्द करत नाही. आता अडचण बघा. शिक्क्यांवरून मला कारखाना कळला, रेघांवरून काळाचा पट्टा कळला, खुणांच्या दाटीवरून अस्सलपणा कळला. हे सगळं हँबुर्गचं. त्या काट्यावर इथलं काही असेलच, तर ते कानशीचे दहा-बारा ओरखडे. तुम्ही मला दुरुस्त करायला सांगता. स्क्रू पिळला तर काटा खरं बोलू लागेल, आणि तो कुणासाठी, कशासाठी खोटा केला होता, की खोटा केलाच नव्हता, हे कायमचं मिटेल.

साशंक : उलट मी म्हणेन, आता तर दुरुस्ती करायलाच हवी. कारण समजा ती लबाडी असेल, तर तुझ्या कपाटात तू चोराची सही जपते आहेस, कौतुकाने. कुण्या बाईने अडचणीत जोडवी विकली असतील, तिचे दीड ग्रॅम त्या ओरखड्यांत आहेत. ते तसेच ठेवायचे?

संग्राहक : ते तसेच ठेवायचे, म्हणजे तिचे दीड ग्रॅम कुठेतरी नोंदलेले राहतील. पारड्याला डाग दिला की तीही गेली आणि चोरही गेला. मगाशी तुम्हीच म्हणालात, कुणाच्या हाताखाली होता हा रकाना आमच्या टिपणात नसतो. काका, तो रकाना हाच आहे. पारड्याच्या खाली.

साशंक : पण तुला वाचता येत नाहीये तो.

संग्राहक : नाही. तीन वाचनं आहेत आणि तिन्ही बसतात. बरं, त्यात कायद्याचीही एक गंमत नसलेली गोष्ट आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांची रेषा आहे. त्या व्याख्येत बसणारी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. हा काटा १९२०च्या आधीचा ठरला, तर हँबुर्गच्या एखाद्या संग्रहालयाने मागितला तरी मला पाठवता येणार नाही. जन्माने जर्मन, कायद्याने इथला. आणि १९३०चा ठरला तर अजून काही वर्षं नुसतं भंगार. त्यामुळे साल ठरवणं हा माझा चाळा नाही, त्याच्यावर त्याचं राहणं-जाणं ठरतं.

साशंक : बरं, एक कर. स्क्रूला हात लावू नकोस. मी म्हटलं होतं, ते मागे घेतो, निदान आजच्यापुरतं. पण मला तो काटा लबाड आहे की नाही हे कळल्याशिवाय चैन पडायचं नाही, तुझ्यापेक्षा मला जास्त. जोहरी बाजारात अजूनही घडीचा कागद विकणारे आहेत. पुडीचे जुने ठरलेले आकार असतील, त्यांना विचारायला हवं. चार-पाच आकारांच्या कोऱ्या पुड्या आण, जुन्या जाडसर कागदाच्याही. एकेक पारड्यात ठेवून बघू. रिकाम्या पुडीने काटा नेमका शून्यावर आला, तर तुझा प्रामाणिक माणूस.

संग्राहक : आणि कुठलीच पुडी शून्यावर आली नाही तर?

साशंक : तर लबाडी सिद्ध झाली असं नाही. कागद बदललाही असेल एवढ्या वर्षांत. पण आण तू पुड्या. आणि तो रुपयाही आण, पाणसळही. टेबल माझ्याकडचं घेऊ, काउंटरवरचं आहे, हलत नाही.